परवानगीवाचून चित्रपट : होंग सांग-सू यांच्या कारकिर्दीवर एक संवाद

दक्षिण कोरियाच्या चित्रपटसृष्टीच्या इतिहासात १९९६ या वर्षी तीन घटना एकत्र आल्या. प्रदर्शनापूर्वी प्रत्येक चित्रपट सरकारी मंडळाकडून तपासून घेण्याची सक्ती घटनाबाह्य असल्याचा निर्णय तेथील घटनात्मक न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दिला, बुसान येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला त्याच सुमारास आरंभ झाला, आणि १९६० साली सोलमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत शिकागोच्या कलाशाळेतून शिक्षण पूर्ण केलेल्या होंग सांग-सू यांचा ‘द डे अ पिग फेल इन्टू द वेल’ हा पहिला चित्रपटही त्याच वर्षी पडद्यावर आला. त्यानंतरच्या तीन दशकांत होंग यांनी तीसहून अधिक पूर्ण लांबीचे चित्रपट केले, काही वर्षी दोन आणि २०१७ साली तर तीन, आणि ते सर्व करताना आपला निर्मितीखर्च, आपला तंत्रज्ञसंच आणि आपल्या चित्रपटांची लांबी ते जाणीवपूर्वक कमी करत गेले. यशाबरोबर खर्च वाढत जावा, हा जगभरच्या चित्रपटव्यवसायाचा सर्वसाधारण क्रम असल्यामुळे उलट दिशेने झालेला हा प्रवास विशेष चिकित्सेला पात्र ठरतो.

कोरियात ‘स्वतंत्र चित्रपट’ ही संज्ञा मुख्यतः पैशाच्या संदर्भात वापरली जाते. सीजे आणि लॉटे यांसारख्या उद्योगसमूहांच्या हाती चित्रपटांचा वित्तपुरवठा, वितरण आणि मल्टिप्लेक्स-साखळ्या अशी तिन्ही अंगे एकवटलेली असल्याने, त्यांच्या भांडवलाबाहेर राहून केलेला चित्रपट म्हणजे स्वतंत्र चित्रपट, असा तिचा स्थूल अर्थ होतो. या अर्थाने होंग स्वतंत्र आहेत, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या स्वातंत्र्यातून निपजले काय, याबद्दल. पुढील संवादातील आक्षेपक हे चित्रपटव्यवसायाच्या अर्थकारणाचे अभ्यासक आहेत, तर प्रतिपादक या दृश्यरचनेच्या अभ्यासक आहेत, आणि दोघांचीही होंग यांच्या चित्रपटांशी ओळख जुनी आहे.

आक्षेपक : पहिल्या चित्रपटापासूनच आरंभ करणे योग्य होईल, कारण आज जे हरवले आहे ते सर्व त्यात होते. एका कादंबरीचा आधार, एका प्रस्थापित संस्थेची निर्मिती, परस्परांत गुंतलेली चार माणसे, आणि घाईने श्रीमंत होत चाललेल्या सोल शहरातील एकाकीपणाचे व हिंसेचे निर्भीड चित्रण, या सर्वांमुळे त्या चित्रपटाला रॉटरडॅम महोत्सवाचे ‘टायगर’ पारितोषिक मिळाले. दोन वर्षांनी आलेल्या ‘द पॉवर ऑफ कांगवॉन प्रॉव्हिन्स’मध्येही डोंगराळ प्रांतात स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्या दोन दुरावलेल्या प्रेमिकांच्या मागे एक संपूर्ण समाज उभा होता. त्यानंतर मात्र पात्रांचे वर्तुळ लहान होत गेले आणि त्यात चित्रपट-दिग्दर्शक, चित्रपट शिकवणारा प्राध्यापक, त्याची विद्यार्थिनी, कवी आणि नटी एवढीच माणसे उरली. ती खानावळीत बसतात, सोजू हे कोरियातील स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे मद्य पितात, एकमेकांची स्तुती करतात, भांडतात आणि घरी जातात. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियन समाजात जी उलथापालथ झाली, तिचा आवाज त्या खानावळीच्या दारातून आत येत नाही.

प्रतिपादक : विषयांचे वर्तुळ लहान झाले, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु ते लहान करण्यामागे एक प्रयोजन होते, आणि ते तिसऱ्याच चित्रपटात स्पष्ट झाले. ‘व्हर्जिन स्ट्रिप्ड बेअर बाय हर बॅचलर्स’ या २००० सालच्या कृष्णधवल चित्रपटात एका प्रेमप्रकरणाची हकिकत दोनदा सांगितली जाते आणि दुसऱ्या खेपेस बोलणे, पुढाकार, टेबलावरच्या क्षुल्लक वस्तू असे बरेच काही बदललेले असते. या दोन हकिकतींपैकी खरी कोणती, हे चित्रपट सांगत नाही. एवढ्या बारीक फरकांकडे प्रेक्षकाचे लक्ष वेधायचे असेल, तर बाकीच्या गोष्टी स्थिर ठेवाव्या लागतात. कथानक, स्थळ आणि माणसे ही सर्वच दर वेळी नवी असतील, तर फरक मोजायचा तरी कशाच्या आधाराने? पंधरा वर्षांनंतरच्या ‘राइट नाउ, राँग देन’मध्ये हीच रीत पूर्णत्वाला पोहोचली, आणि लोकार्नो महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला उगाच मिळालेले नाही.

प्रतिपादकांनी उल्लेखिलेला हा चित्रपट होंग यांच्या पद्धतीचा सर्वात स्वच्छ नमुना असल्याने त्याची रचना थोड्या विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. हाम चुन-सू हा दिग्दर्शक आपल्या चित्रपटाच्या खेळासाठी आणि त्यानंतरच्या व्याख्यानासाठी सोलजवळील सुवॉन शहरात एक दिवस आधीच येऊन पोहोचतो, जुन्या राजवाड्याच्या आवारात त्याची एका तरुण चित्रकर्तीशी ओळख होते, दोघे तिच्या चित्रशाळेत जातात, नंतर सोजू पीत जेवतात आणि रात्री तिच्या मैत्रिणीच्या घरगुती बैठकीत सामील होतात. चित्रपटाच्या मध्यावर हा संपूर्ण दिवस नव्याने सुरू होतो. पूर्वार्धात तो तिच्या चित्राची गोड शब्दांत स्तुती करतो आणि तो विवाहित असल्याचे तिला रात्री इतरांच्या तोंडून कळते, त्यामुळे दिवसभराची स्तुती मागे जाऊन खोटी ठरते. उत्तरार्धात तो तेच चित्र पाहून अप्रिय मत देतो, ती चिडते, पण आपल्या विवाहाची गोष्ट तो स्वतःच वेळेवर सांगतो, आणि बैठकीत दारूच्या भरात लाजिरवाणे वर्तन करूनही तिच्या मनातील त्याचे स्थान पूर्वार्धाइतके खालावत नाही. दोन्ही अर्धांतील अंतर एखाद्या वाक्याचे, एखाद्या विरामाचे, कॅमेऱ्याच्या कोनातील थोड्या बदलाचे आहे. सत्य बोलण्याचे फळ चांगले मिळते, असा बोध हा चित्रपट देत नाही, कारण उत्तरार्धातही दोघांना एकमेकांचा निरोप घ्यावाच लागतो. माणसाचे वागणे किती थोडक्या गोष्टींवर अवलंबून असते, हे मात्र तो ज्या सूक्ष्मतेने दाखवतो तशी सूक्ष्मता समकालीन चित्रपटात क्वचितच आढळते.

आक्षेपक : एका चित्रपटातील पुनरावृत्ती आणि तीस चित्रपटांतील पुनरावृत्ती यांत भेद करायला हवा. पहिली रचनेचा भाग असते; दुसरी सवयीचा भाग असू शकते.

प्रतिपादक : तोच राग आयुष्यभर गाणाऱ्या गायकावर तुम्ही सवयीचा आरोप कराल का? ऐकणाऱ्याला राग आधीच माहीत असतो, म्हणूनच त्या दिवशीची नवी जागा त्याला ओळखता येते.

आक्षेपक : हा दाखला आकर्षक असला, तरी येथे तो लागू पडत नाही. रागाचे नियम गायकाने केलेले नसतात. ते पिढ्यांनी केलेले असतात, अनेक गायक ते पाळतात, आणि त्यामुळे अमुक गायकाने त्यात काय साधले आणि काय बिघडवले हे पारखण्याची मोजपट्टी त्याच्याबाहेर असते. होंग यांचे नियम होंग यांनी केले, ते पाळणारे आणि मोडणारेही तेच, आणि त्यामुळे त्यांचा प्रत्येक चित्रपट त्यांच्याच आधीच्या चित्रपटांच्या आधारे समजून घ्यावा लागतो. नव्या प्रेक्षकाला या वर्तुळात शिरायला दार कोठून सापडावे?

या प्रत्युत्तरात तथ्य आहे आणि प्रतिपादकांनीही ते मान्य केले; मात्र होंग यांची मोजपट्टी त्यांच्या बाहेर शोधायची असेल तर ती निर्मितीच्या पद्धतीत शोधावी लागेल, असे त्यांनी सुचवले, आणि संवाद तेथून कामाच्या रीतीकडे वळला. ही रीत एकाएकी ठरलेली नाही. आरंभीच्या चित्रपटांना पूर्ण लिहिलेली पटकथा होती. पुढे तिची जागा केवळ आराखड्याने घेतली. आणि त्याहीपुढे नट आणि ठिकाणे एवढेच आधी ठरवून, त्या दिवशीचे प्रसंग त्याच दिवशी पहाटे लिहायचे आणि चित्रीकरणापूर्वी थोडा वेळ नटांच्या हाती द्यायचे, अशी पद्धत स्थिरावली. याला उत्स्फूर्त अभिनय समजणे चुकीचे ठरेल, कारण नटांना संवाद लिहिल्याप्रमाणेच म्हणावे लागतात; उत्स्फूर्तता असते ती लेखनात, आणि काल चित्रित झालेल्या प्रसंगात नट कसे वागले, हवा कशी होती, यांवरून आजचे लेखन ठरते. प्रसंग बहुधा कथेच्या क्रमानेच चित्रित होतात. एरवी खर्च वाचवण्यासाठी एका ठिकाणचे सारे प्रसंग एकदम उरकले जातात आणि क्रम संकलनाच्या वेळी लावला जातो. होंग यांना ही काटकसर करावी लागत नाही, कारण ठिकाणेच मोजकी असतात आणि सारे चित्रीकरण थोड्या दिवसांत संपते.

प्रतिपादक : २००५ च्या ‘टेल ऑफ सिनेमा’मध्ये होंग यांनी प्रथमच झूम वापरला, आणि त्याच चित्रपटापासून जॉनवॉनसा ही त्यांची स्वतःची निर्मितीसंस्था कार्यरत झाली, या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. झूम म्हणजे कॅमेरा जागचा न हलवता केवळ भिंगाच्या साहाय्याने दृश्य जवळ आणणे किंवा दूर नेणे. व्यावसायिक चित्रपटात दोन माणसांचे संभाषण दाखवायचे असेल तर दोघांचे एकत्र चित्र, मग एकाचा चेहरा, मग दुसऱ्याचा, असे तुकडे स्वतंत्रपणे घेतले जातात, आणि दर तुकड्यासाठी दिवे व कॅमेरा नव्याने मांडावा लागतो. होंग यांचा कॅमेरा टेबलाच्या एका बाजूला उभा राहतो, नट कित्येक मिनिटे सलग बोलतात, आणि मध्येच भिंग एखाद्या चेहऱ्याकडे सरकते. त्यामुळे वेळ वाचतो, पैसा वाचतो आणि नटाचा अभिनय तुटत नाही. शिवाय कोणाकडे पाहायचे याचा निर्णय पाहणाऱ्याच्या देखत होत असल्याने, पाहणे हीसुद्धा एक कृती आहे, याची त्याला जाणीव राहते. ‘द वुमन हू रॅन’मध्ये भटक्या मांजरांना खाऊ घालू नये म्हणून तक्रार घेऊन आलेल्या शेजाऱ्याशी अत्यंत सभ्य भाषेत वाद चालतो, आणि तो संपल्यावर भिंग शांतपणे त्या मांजराकडे सरकते, असा विनोद भारी यंत्रसामग्रीने अधिक चांगला झाला असता, असे म्हणता येणार नाही.

आक्षेपक : हे मान्य आहे, आणि त्याला एक पुरावाही जोडता येईल. २००६ साली होंग यांच्या ‘वुमन ऑन द बीच’चे छायालेखन किम ह्युंग-कू यांनी केले, आणि त्याच वर्षी एक कोटीहून अधिक तिकिटे विकल्या गेलेल्या बाँग जून-हो यांच्या ‘द होस्ट’चे छायालेखकही तेच होते. म्हणजे साधी दिसणारी ही चित्रे कौशल्याच्या अभावातून आलेली नाहीत. परंतु त्याच वर्षाची दुसरी बाजूही पाहावी लागेल. चित्रपटगृहांनी वर्षातून किमान ठरावीक दिवस देशी चित्रपट दाखवावेत, अशी सक्ती म्हणजे स्क्रीन कोटा. अमेरिकेशी व्यापार-वाटाघाटी करण्यासाठी सरकारने २००६ मध्ये तो १४६ दिवसांवरून ७३ दिवसांवर आणला आणि चित्रपटसृष्टीतील माणसे रस्त्यावर उतरली. ‘द होस्ट’सारखा चित्रपट त्या लढ्याच्या काळात लाखो सामान्य कोरियन प्रेक्षकांशी बोलत होता, तर होंग यांच्या अलीकडच्या चित्रपटांचे प्रेक्षक हजारांतच मोजावे लागतात. स्वातंत्र्य मिळवताना त्यांनी देशातला प्रेक्षक गमावला, हे नाकारता येते का?

प्रतिपादक : प्रेक्षक गमावला असे म्हणण्यापेक्षा, प्रेक्षकसंख्येवर अवलंबून राहण्याची गरज त्यांनी संपवली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. खर्च इतका कमी असतो की परदेशातील वितरण आणि देशातील मोजकी कलाचित्रगृहे यांच्या उत्पन्नावर पुढचा चित्रपट उभा राहतो. ‘इंट्रोडक्शन’ ६६ मिनिटांचा आहे, ‘इन वॉटर’ ६१ मिनिटांचा. जेवढे सांगायचे तेवढ्यावर थांबण्याची ही मुभा मल्टिप्लेक्सच्या वेळापत्रकाला बांधलेल्या दिग्दर्शकाला मिळत नाही. ‘इंट्रोडक्शन’पासून तर दिग्दर्शन आणि लेखनाबरोबर छायालेखन, संकलन आणि संगीतही तेच करतात, आणि चित्रीकरणाच्या जागी मूठभर माणसे असतात. पटकथेला मंजुरी देणारा, नटाचे नाव सुचवणारा, शेवट बदलायला सांगणारा कोणीही या व्यवस्थेत शिल्लक राहिलेला नाही.

येथे आक्षेपकांनी आपला सर्वात कठोर आक्षेप मांडला, आणि तो होंग यांच्या चित्रपटांतील स्त्री-पुरुष संबंधांविषयी होता. आरंभीच्या अनेक चित्रपटांत मध्यमवयीन, मद्यपी, आत्मकेंद्री पुरुष कलावंत तरुण स्त्रियांच्या मागे लागतो. दिग्दर्शक त्याचे हसे करतो, त्याला उघडा पाडतो, परंतु कॅमेरा राहतो त्याच्याच बरोबर, त्यामुळे स्त्री ही त्याच्या परीक्षेचे निमित्त ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप ‘वुमन इज द फ्युचर ऑफ मॅन’ला (२००४) जसाच्या तसा लागू पडतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

प्रतिपादक : त्या काळापुरता आक्षेप योग्य आहे. परंतु २०१५ नंतरची कारकीर्द त्याच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. ‘राइट नाउ, राँग देन’मधील चित्रकर्ती किम मिन-ही यांनी साकारली, आणि तेव्हापासून चित्रपटाचा मध्य हळूहळू स्त्रीकडे सरकला. मार्च २०१७ मध्ये होंग आणि किम यांनी आपल्या नात्याची जाहीर कबुली दिली, आणि होंग विवाहित असल्याने कोरियन माध्यमांत त्यावर तीव्र टीका झाली. पार्क चान-वूक यांच्या ‘द हँडमेडन’ने नुकत्याच कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या किम त्यानंतर होंग यांच्याच चित्रपटांत दिसत राहिल्या. ‘ऑन द बीच ॲट नाइट अलोन’ची नायिका विवाहित दिग्दर्शकाशी असलेल्या संबंधानंतर आधी हॅम्बुर्गमध्ये आणि मग समुद्रकाठच्या गांगनुंगमध्ये वावरते, आणि मित्रांच्या टेबलाभोवती तिचा संताप उसळतो तेव्हा त्या खोलीतील कोणताही पुरुष तिच्यापुढे टिकत नाही. या भूमिकेसाठी बर्लिन महोत्सवात किम यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, जे त्यापूर्वी कोणत्याही कोरियन अभिनेत्रीला तेथे मिळाले नव्हते.

आक्षेपक : पारितोषिकाने प्रश्न सुटत नाही. स्वतःच्या आयुष्यातील वादाचे चित्रपटात रूपांतर करताना दिग्दर्शक स्वतःच न्यायाधीश होतो, आणि समोरची बाजू, म्हणजे ज्यांना त्या घटनेची झळ बसली ती माणसे, पडद्यावर येतच नाहीत.

प्रतिपादक : ती बाजू पडद्यावर नाही, हे खरेच आहे. परंतु ‘द वुमन हू रॅन’ पाहताना हा आक्षेप पुरा पडत नाही. पाच वर्षांत पतीपासून एक दिवसही दूर न राहिलेली स्त्री तो कामानिमित्त बाहेरगावी गेल्यावर तीन मैत्रिणींना भेटते, आणि आपण एक दिवसही वेगळे राहिलो नाही, हे एकच वाक्य तिघींना सांगते. पहिल्यांदा ते सुखाचे वाटते. तिसऱ्यांदा ऐकताना त्यात काय दडले आहे, याची शंका येऊ लागते. जी पुनरावृत्ती पूर्वी पुरुषाचा खोटेपणा पकडण्यासाठी वापरली जात होती, ती येथे एका स्त्रीच्या न बोललेल्या विचारांपर्यंत पोहोचते. ‘इन फ्रंट ऑफ युवर फेस’ आणि ‘द नॉव्हेलिस्ट्स फिल्म’ यांत तर ली हे-यंग या ज्येष्ठ अभिनेत्रीभोवती सर्व रचना फिरते. कोरियन व्यावसायिक चित्रपटात त्या वयाच्या स्त्रीला अशी मध्यवर्ती भूमिका किती वेळा मिळते?

या प्रश्नावर आक्षेपकांनी प्रतिवाद केला नाही, आणि २०२० पासूनचे चित्रपट गुणाने वेगळे आहेत हेही त्यांनी मान्य केले. वरील तिन्ही चित्रपटांतील स्त्रिया कोणाच्याही परीक्षेचे निमित्त नाहीत, त्यामुळे त्यांचे हे मान्य करणे केवळ सौजन्याचे नव्हते. ‘द नॉव्हेलिस्ट्स फिल्म’मध्ये एक दिग्दर्शक अभिनय सोडून दिलेल्या नटीला, ती आपली प्रतिभा वाया घालवत आहे, असे आपुलकीने म्हणतो, आणि शेजारी उभी असलेली कादंबरीकार स्त्री संतापून त्याला विचारते की एका प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या आयुष्याचे काय करावे, हे ठरवणारा तो कोण. पुढे तीच कादंबरीकार त्या नटीला घेऊन एक छोटा चित्रपट करायचे ठरवते. तिला चित्रपटाचा अनुभव नाही, पैसा नाही, पण कोणाबरोबर काम करायचे हे तिला पक्के ठाऊक आहे. होंग यांच्या निर्मितीविषयक विचाराचे इतके थेट विवेचन त्यांच्या दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात नाही.

आक्षेपक : विचार उदात्त आहे, परंतु तो कोणाला परवडतो? होंग यांनी दीर्घकाळ सोलच्या कॉनकुक विद्यापीठात चित्रपट शिकवला, म्हणजे घरखर्चासाठी त्यांना तिकीटबारीकडे पाहावे लागत नव्हते. नामवंत नट त्यांच्याकडे मोठ्या मानधनाची अपेक्षा न ठेवता येतात; इझाबेल उपेर यांच्यासारखी फ्रेंच अभिनेत्री तीन वेळा येते. कान, बर्लिन आणि लोकार्नो त्यांची वाट पाहत असतात. या तीन आधारांशिवाय हीच पद्धत एखाद्या तरुणाने वापरली, तर त्याच्या वाट्याला स्वातंत्र्याऐवजी उपेक्षा येईल. ‘इन वॉटर’मध्ये होंग यांनी हा प्रश्न स्वतःच विचारला आहे, हे येथे कबूल करायला हवे : साठवलेले थोडे पैसे घेऊन जेजू बेटावर आलेला तरुण, त्याचे दोन साथीदार, आणि काय चित्रित करायचे हे ठरत नसल्याने निघून जाणारे दिवस.

प्रतिपादक : आणि तो जवळजवळ संपूर्ण चित्रपट अस्पष्ट आहे, भिंग मुद्दाम नेमक्या बिंदूवर न जुळवता घेतलेला. चेहरे ओळखू येत नाहीत, आवाज आणि हालचाली मात्र येतात. स्वच्छ, रेखीव प्रतिमा ही आज पैशाने आणि यंत्राने सहज विकत मिळणारी गोष्ट झाली आहे. ती बाजूला ठेवल्यावर चित्रपटात काय उरते, हे तपासण्याचे धाडस साठी ओलांडलेल्या दिग्दर्शकाने केले, ही थकव्याची खूण मानता येणार नाही.

आक्षेपक : धाडस खरे, परंतु एखाद्या नवख्याने एकसष्ट मिनिटांचा अस्पष्ट चित्रपट बर्लिनला पाठवला असता, तर निवडसमितीने तो शेवटपर्यंत पाहिला असता का?

प्रतिपादकांनी या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले, आणि त्याला आणखी एक गोष्ट जोडली. होंग यांचे नाव ज्या पहिल्या चित्रपटाने झाले, तो स्वखर्चाने केलेला नव्हता. नव्वदच्या दशकात कोरियन निर्माते नव्या दिग्दर्शकांच्या शोधात असताना एका जुन्या संस्थेने एका अननुभवी माणसावर पैसा लावला होता, आणि पुढच्या तीसहून अधिक चित्रपटांना लागलेली ओळख त्या परवानगीतून आली. आज मोठे समूह खात्रीच्या कथानकांकडे वळलेले असताना तसा पैसा नवख्यावर कोणी लावावा, यावर मात्र दोघांचे एकमत झाले नाही : आक्षेपकांच्या मते ती जबाबदारी कोरियाच्या सरकारी चित्रपट परिषदेच्या सार्वजनिक निधीची आहे, तर प्रतिपादकांच्या मते महोत्सवांनी आपल्या निवडीतील काही जागा प्रस्थापित नावांकडून काढून घेतल्या पाहिजेत, आणि त्यात होंग यांच्या जागेचाही समावेश असावा.